आधी काय आणि मागाहून काय

मंदाताई, ॲपची नवी आवृत्ती सोडली. तुझ्या दहाव्यानंतर लगेच नाही जमलं. काही दिवस मी नुसती शहापूरच्या ऑफिसात येऊन खुर्चीत बसायचे आणि संध्याकाळी कुलूप लावून खर्डीला घरी जायचे. मग एका सकाळी बसले आणि राहिलेलं काम पुरं केलं. चाचणी घेतली, सोडली. सगळ्या पाड्यांवर नीट उघडतंय. हे आधी सांगते, कारण तू तेच आधी विचारलं असतंस.

ज्या संस्थेसाठी आपण ॲप केलं, तिने तुझ्यासाठी शोकसभा ठेवली होती. फोटो, हार, उदबत्ती. जो उठला तो म्हणाला, मंदाताई फार शांत स्वभावाच्या होत्या. मी खाली मान घालून बसले होते, लोकांना वाटलं रडतेय. ज्या बाईशी इतकी वर्षं मी रोज जेवणाच्या डब्यावर भांडले, ती शांत होती, हे ऐकून मी हसू दाबत होते. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं. तिथे बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तुझ्याशी बोलण्यासारखं आहे.

तुझी ओळख झाली ती तुझ्या क्लासमध्ये. शहापूरच्या बाजारात चपलांच्या दुकानावरची खोली, जुने संगणक, आणि धसईहून मुरबाडला, मुरबाडहून शहापूरला अशा दोन एसट्या बदलून येणारी तू. मी बारावीनंतर हायवेवरच्या एका गोदामात पॅकिंगला जायचे आणि सुट्टीच्या दिवशी तुझ्याकडे टायपिंग शिकायला. टायपिंग मला आलंच नाही. आजही दोन बोटांनी मारते. पण एकदा तू पुढच्या मुलीला पाढे छापणारा प्रोग्राम समजावत होतीस आणि मी मागून म्हटलं, हे याच्यापेक्षा कमी ओळींत होईल. तू वळून बघितलंस.

"करून दाव," म्हणालीस.

केलं. पुढच्या आठवड्यात तू आमच्या घरी आलीस आणि माझ्या वडिलांना सांगितलंस, "काका, हिला खोकी बांधायला पाठवू नका. माझ्याकडं द्या."

वडील म्हणाले, "तुमच्याकडं येऊन ही काय बांधंल?"

"तेच बांधंल. पण खोकी दिसणार नायत."

वडिलांना ते कितपत कळलं कोण जाणे, पण हसले, आणि मी तुझ्याकडे आले. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असतीस, "काम कर गो." म्हणून आत्ता, तू मधे बोलू शकत नाहीस तेव्हा, मानून घेते.

मग संस्थेचं काम आलं. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर काम करणाऱ्या आशाताईंसाठी ॲप करायचं होतं. गरोदर बायांची नोंद, तपासणीची तारीख, औषधं, धोक्याची लक्षणं, आणि वेळ आली तर गाडी मागवायचं बटण. आपण दोघींनी मिळून ते केलं. तुझी नावं ठेवायची पद्धत मला तेव्हा समजली. इतर लोक कोडमध्ये इंग्रजी नावं देतात. तू मात्र एका भागाला 'काय आलं' आणि दुसऱ्याला 'उगीच थांबू नको' असं नाव दिलं होतंस, रोमन अक्षरांत लिहून. आजही ती तशीच आहेत. ऑफिसच्या वायफायवर ॲप झटकन उघडायचं आणि आपल्याला त्याचा फार अभिमान होता.

तो अभिमान जनाताईंच्या पाड्यावर उतरला. खर्डीच्या वरच्या अंगाला, रिक्षा सोडल्यावर चढ चढून जावं लागतं तो पाडा. जनाताई तिथल्या आशा. त्यांच्या घराच्या दारात उभं राहिलं की फोन लागायचा, म्हणजे बोलता यायचं. नेट मात्र नाही. नेटसाठी वरच्या खडकावर जायचं. त्या आपल्याला तिथे घेऊन गेल्या आणि ॲप उघडायला लागल्या. चाक फिरायला लागलं. फिरतच राहिलं. जनाताईंनी थोडा वेळ बघितलं, मग फोन खडकावर ठेवला.

"ह्ये उघडंल तवर मी पानी आनते," म्हणाल्या, आणि हंडा घेऊन खरंच गेल्या. पाणी घेऊन परत आल्या तेव्हा कुठे पहिली स्क्रीन दिसत होती.

उतरताना तू दोनदा थांबून मागे खडकाकडे बघितलंस. दम लागत होता म्हणून असेल असं मला वाटलं. रिक्षात बसल्यावर म्हणालीस, "त्यांना एक नोंद करायची होती गो. आपण त्यांच्या फोनवर अख्खं दुकान उतरवत बसलो."

तसंच होतं ते. ॲप उघडताना त्याचं सगळं कोड नेटवरून एकदम फोनवर येत होतं. नकाशा, फोटो काढायची सोय, महिन्याचा अहवाल, अहवालातले आलेख, सगळं एका गठ्ठ्यात. आशाताईंना रोज लागायची ती फक्त नोंदीची स्क्रीन. अहवाल महिन्यातून एकदा. आलेख तर संस्थेच्या ऑफिसाबाहेर कोणी बघतच नव्हतं. तू ठरवलंस की गठ्ठा सोडायचा. प्रत्येक कामाचा भाग वेगळा करायचा. उघडताना नोंदीची स्क्रीन तेवढी आणायची, आणि बाकीचा प्रत्येक भाग ज्याला लागेल त्याला, त्याने बटण दाबल्यावर आणायचा.

मी तेव्हाच म्हटलं, "ताई, दाबल्यावर आणायचा म्हणजे नेटवरून आणायचा. नेट खडकावर आहे. बटण घरात दाबलं तर?"

"मग काय, सगळं आधी आणू? ॲप उघडलंच नाय तर बटण दिसणार कुठं?"

"थांबतील की जरा."

"थांबत नायत. पाणी आणायला जातात. आणि दोन वेळा असं झालं की मग उघडतच नायत."

हा वाद आपण किती दिवस घातला, ते मोजलेलं नाही. क्लासच्या जिन्यात घातला, बाजारात भाजी घेताना घातला. तुझ्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं मला अर्धं देताना तू म्हणायचीस, "खा, आणि खाईस्तोवर बोलू नको." शेवटी तुझं खरं झालं. भाग वेगळे झाले, नवीन आवृत्ती गेली. दोन दिवसांनी जनाताईंचा फोन आला, "आता झटक्यात उघडतंय." पाड्यापाड्यावरून नोंदी यायला लागल्या. ज्या आशाताईंनी ॲप सोडून दिलं होतं त्यांच्याही. मी हरले होते, आणि मला ते हरणं अजिबात लागलं नाही. हे मात्र मी तुला सांगितलं होतं. तुझ्या लक्षात राहिलं असेल का, माहीत नाही.

मग श्रावणात कमळचं झालं.

कमळ जनाताईंच्या पाड्यातली पहिलटकरीण. दुपारी कळा सुरू झाल्या, दिवस भरायला अजून अवकाश होता. जनाताई तिच्या घरी गेल्या. रक्त जायला लागलेलं बघून त्यांनी दारात येऊन गाडीचं बटण दाबलं. ते बटण त्यांना तोवर कधी लागलंच नव्हतं, म्हणून त्याच्या मागचा भाग त्यांच्या फोनमध्ये आलाच नव्हता. पांढरी स्क्रीन आणि फिरणारं चाक. त्या आठवड्यात कोणत्या गाडीचा चालक कामावर आहे, त्याचा नंबर त्या भागात होता. नंबर दिसला असता तर दारात उभं राहून फोन लागला असता. पण नंबर आणि नकाशा आपण एकाच भागात बांधले होते. जनाताई कमळला तिच्या सासूच्या हवाली करून पावसात खडकावर धावल्या. तिथे तो भाग उतरला, नंबर मिळाला, फोन झाला. त्या खाली परत येईपर्यंत कमळ बेशुद्ध पडायला आली होती. झोळी करून तिला रस्त्यापर्यंत आणली. मूल जीपमध्येच झालं.

दोघी वाचल्या. मुलगी झाली. कमळला शहापूरला आणून रक्त द्यावं लागलं.

आपण दवाखान्यात गेलो तेव्हा जनाताई तिच्या खाटेपाशी बसल्या होत्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, थकल्या होत्या. मी विचारलं, काय झालं नेमकं. त्या म्हणाल्या, "बटन व्हतं. दाबलं. मागं कायच नव्हतं."

तू म्हणालीस, "ते माझ्यामुळं जनाताई. मी नंबर नकाशाबरोबर बांधला होता."

"मंग सोड त्याला."

"सोडते."

एवढंच बोलणं झालं. मग तू बाळाला हातात घेतलंस आणि बराच वेळ दिलंच नाहीस. परिचारिकेने मागितलं तेव्हा दिलंस.

बाहेर आल्यावर फाटकापाशी तू थांबलीस. "बोल," म्हणालीस.

"काय बोलू?"

"तू सांगितलं होतंस ते. घरात दाबलं तर, म्हणून."

"नाही बोलणार."

"बोलली असतीस तर बरं झालं असतं," म्हणालीस आणि चालायला लागलीस. मी अजून त्यावर विचार करते. तेव्हा बोलायला हवं होतं का? तुला शिव्या हव्या होत्या आणि मी तुला दया दिली, असं काही झालं का? विचारायचं राहून गेलं.

ऑफिसात आल्यावर तू आधी नंबर वेगळा केलास आणि पहिल्या स्क्रीनच्या भागात घातलास. त्याच दिवशी सगळीकडे पाठवलास. मग पुढचं काम. ॲप उघडल्यावर, जोवर नेट आहे तोवर, बाकीचे भाग मागच्या मागे एकेक करून आणायचे आणि फोनमध्ये ठेवून द्यायचे, म्हणजे नंतर नेट नसलं तरी बटण दाबल्यावर ते हजर असतील. आणि प्रत्येक बटणावर एक खूण: भाग फोनमध्ये आला असेल तर हिरवी, नसेल तर राखाडी. त्या खुणेसाठी तू हट्ट धरलास. "मागं काय नाय तर ते दाबायच्या आधी दिसलं पायजे," म्हणालीस.

मला वाटलं होतं, कमळच्या प्रसंगानंतर तू माझ्या बाजूला येशील. सगळं आधी आणू म्हणशील. तू नाही आलीस. "एक नंबर चुकीच्या जागी होता," म्हणालीस, "म्हणून लागेल तेव्हा आणायची रीतच चुकीची होत नाय." ज्या चुकीने तू स्वतः हादरली होतीस, तिच्याकडे बघूनही तुझं डोकं असं सरळ चालायचं. मला ते जमत नाही. मी घाबरले की सगळं उचलून जवळ घेते.

म्हणूनच चित्रांवरून अडलं. धोक्याच्या लक्षणांच्या पानावर फोटो होते. सुजलेले पाय, पांढरे पडलेले डोळे, वगैरे. माझं म्हणणं, ते पानही पहिल्या भागात घ्या. तू म्हणालीस, जड होतंय, मागाहून येऊ दे. मी म्हटलं, नेट लागलंच नाही तर? तू म्हणालीस, प्रत्येक गोष्टीला तू हेच म्हणणार, आणि म्हणता म्हणता परत अख्खा गठ्ठा होणार. दुसरं असं की मागच्या मागे भाग आणायचे म्हणजे आशाताईंच्या रिचार्जमधलं नेट खर्च होणार, तर त्यांना आधी विचारायला हवं, हे तुझं. विचारत बसलो तर त्या नको म्हणतील आणि मग वेळेला अडेल, हे माझं. दोघींचंही खरं होतं, त्यामुळे काही ठरेना.

याच दिवसांत तुझं ऑपरेशन पुढे ढकललं जात होतं. लहानपणच्या एका तापाने तुझ्या हृदयाची एक झडप खराब झाली होती, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच करून घ्या म्हटलं होतं. तू म्हणालीस, लावणी होऊ दे, आईला एकटीला जमायचं नाही. लावणी झाली. मग कमळचं झालं, आणि तू म्हणालीस, हे नीट होऊ दे. मी म्हटलं, मी करते, तू जा. तू म्हणालीस, "तू सगळं आधीच आणून ठेवशील." आपण दोघीही हसलो. ताई, मला त्या हसण्याचा राग येतो. तुझाही येतो. काम माझ्यावर सोडून तू ऑपरेशनला गेली असतीस तर चार चुका झाल्या असत्या, त्या सुधारता आल्या असत्या. तू गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, आधी केलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. हो म्हणाले असते किंवा नाही म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तू ठाण्याच्या दवाखान्यातून फोन केलास. मला वाटलं काही मनातलं बोलशील.

"चित्रं पहिल्या भागात घातलीस ना?" तू विचारलंस.

"घातली."

"काढ."

"नाही काढत."

"मग हात लावू नको कशाला. मी आल्यावर बघू."

"बरं," म्हटलं, आणि फोन ठेवला. काळजी घे, घाबरू नको, यातलं एकही वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. आपण तसं बोलतच नव्हतो कधी. त्या दिवशी बोलले असते तर तू दचकली असतीस. ऑपरेशन पार पडलं, दोन दिवस तू बरी होतीस म्हणे, आणि तिसऱ्या दिवशी गेलीस.

तर त्या सकाळी मी राहिलेलं काम पुरं करायला बसले तेव्हा पहिल्यांदा माझ्याच मनासारखं केलं. चित्रं पहिल्या भागात तशीच ठेवली. मग संथ नेटवर उघडून बघितलं, तर चाक परत फिरत राहिलं. तू असतीस तर इथे काहीतरी बोलली असतीस. तू नव्हतीस. तेव्हा तुझी बाजू मीच मांडली, ऑफिसात एकटी, मोठ्याने. बाजूच्या झेरॉक्सवाल्याने डोकावून विचारलं, "मॅडम, फोनवर आहात का?" मी हो म्हटलं. तुझ्या बाजूने बोलताना मला असले मुद्दे सुचले की जे तूही मांडले नव्हतेस. शेवटी असं केलं: लक्षणं साध्या शब्दांत, मोजक्या ओळींत, पहिल्या भागात. फोटो मागाहून, आणि आणायच्या आधी एकदाच विचारायचं. आशाताईंपैकी बहुतेकींनी हो म्हटलंय. आपण दोघी असतो तर इथवर यायला आणखी महिना गेला असता.

रविवारी मी धसईला गेले, तुझ्या घरी. तुझं सामान पोचवायचं होतं. शेजाऱ्यांनी मिळून तुमचं भात कापून, झोडून दिलंय. तुझ्या आई ओट्यावर सूप घेऊन बसल्या होत्या. मला बस म्हणाल्या. थोड्या वेळाने विचारलं, "ती आपरेशन पुढं का ढकलीत व्हती गो? तुला सांगितलं असंल."

मी खोटं बोलायचं ठरवून गेले होते. ते जमलं नाही. "पहिल्यांदा लावणीसाठी मावशी. दुसऱ्यांदा कामासाठी."

मावशींनी सुपातला भात पाखडून टोपलीत ओतला. मग म्हणाल्या, "मी नको म्हनले असते तर ऐकलं असतं का तिनं?"

"नाही."

"तुजं?"

"माझं तर नाहीच."

त्यांनी मान हलवली. रडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि माझ्याकडे नीट वळून बसल्या. "दिसभर त्या लॅपटापात डोकं घालून काय करायची, मला कदी कळलं नाय. मी इचारलं नाय, तिनं सांगितलं नाय. तू सांग बगू."

मी सांगितलं. जनाताईंपासून सगळं. आधी सगळंच एकदम यायचं म्हणून उघडत नव्हतं, मग मंदाताईंनी ते वेगळं केलं, ज्याला जे लागेल ते त्याला तेव्हा मिळेल असं. कमळचंही सांगितलं, लपवलं नाही. मुलगी आता कशी आहे विचारलं त्यांनी. चांगली आहे म्हटलं. मग आपल्या भांडणांबद्दल सांगितलं, कारण ती वगळली तर तुझं काम सांगून होतच नाही. भांडणांचं ऐकताना त्या पहिल्यांदा हसल्या.

"मग बरोबर कोनाचं व्हतं?"

"तिचं," मी म्हटलं.

त्यांनी परत सूप उचललं आणि जरा जोरातच पाखडायला लागल्या, जसं कोणी आपल्या माणसाचं कौतुक ऐकून घेताना करतं.

ताई, हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नसतं. आणि ते पूर्ण खरं नाही, तुलाही ठाऊक आहे. पण आता ते तुझ्या आईला सांगून झालंय. राहू दे तसंच.